अनुभव धागा : तुमच्या चित्राचं पहिलं अनोळखी गिऱ्हाईक

नमस्कार. मी नागपूरला धरमपेठेत राहते, जलरंगात काम करते आणि घरी मुलांना चित्रकला शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, किती फॉलोअर झाले की पैसे मिळायला लागतात?" मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते. नात्यातला नाही, ओळखीतला नाही, निव्वळ ऑनलाइन काम पाहून पैसे मोजणारा पहिला माणूस तुमच्याकडे कसा आला? आकडे सांगायला संकोच करू नका.

माझं आधी सांगते. दोन वर्षं मी पूर्ण झालेली चित्रं टाकत होते. झिरो माइलचे घोडे, फुटाळ्याची संध्याकाळ. लाइक यायचे ते मैत्रिणींचेच. मग एका मे महिन्यात इतवारीतल्या जुन्या वाड्यासमोर सकाळी सहाला बसले आणि चित्र काढतानाचा व्हिडिओ केला. (आपल्या उन्हाळ्यात नऊनंतर वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, पसरायच्या आत कागद वाळतो.) आठवड्याने पुण्याहून एका बाईंचा मेसेज आला : "आमचं घर याच गल्लीत होतं, आता पाडलं. फोटो पाठवला तर काढाल?" ३,५०० रुपये मिळाले. मग त्यांच्या बहिणीने एक मागवलं, नंतर मावसभावाने. तेव्हा माझे फॉलोअर होते ६००.

नागपूरच्या महाल भागातून

ताई, आमच्या घरी लाकडी बैल बनतात. सासरे घडवतात, मी दहा वर्षांपासून रंगवून राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं लाकडी बैल मिरवतात तो. तेवढाच आमचा सीझन. वाटे, ऑनलाइन बैल कोण घेईल? पोराने माझा झूल रंगवतानाचा व्हिडिओ टाकला. त्यात मी सहज बोलून गेली होती, की ही नक्षी माझ्या आईच्या लुगड्याच्या काठाची आहे. बंगळुरूहून एका नागपूरच्याच बाईचा फोन आला. तिच्या लेकाने तान्हा पोळा कधी पाहिलाच नव्हता. पण पोळ्याला उरले होते दोन दिवस. बैल पोचणार कसा? ती ऑर्डर गेली, अन् मला फार लागलं ते.

तेव्हापासून आषाढातच व्हिडिओ टाकते अन् श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात बुकिंग बंद करते. मागच्या वर्षी ६२ बैल गेले, त्यातले ४० नागपूरबाहेर. झुलीवर पोराचं नाव घालून देते, त्याचे २०० रुपये जास्त. पण अर्धे पैसे हातात आल्याशिवाय ब्रश उचलत नाही. नाव घातलेला बैल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही ना.

मानेवाड्यातून

मी पोर्ट्रेट करतो. पहिलं अनोळखी गिऱ्हाईक म्हणजे एक दुकानदार. वडिलांचं पोर्ट्रेट हवं होतं. ४,००० ठरले, मिळालेही. सहा महिन्यांनी तेच चित्र त्यांच्या मालाच्या डब्यावर छापलेलं दिसलं. संतापून वकील मित्राकडे गेलो. त्याने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र मागवणारा! कॉलेजात पाच वर्षं रंग घोटले, हे कुणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

आता काम घेण्याआधी एक कागद करतो, दोघांच्या सह्यांचा : मूळ चित्र तुमचं, कॉपीराइट माझा, छापायचं असेल तर वेगळे पैसे. गेल्या दिवाळीत एका चित्राचे ६,००० आणि छपाईच्या परवानगीचे ९,००० आले.

प्रतापनगरातून

माझं एक रील चार लाख लोकांनी पाहिलं, फॉलोअर झाले ३१ हजार. पण ते चालत्या गाण्यावरचं रील होतं. आलेल्यांना माझी चित्रं नकोच होती. तीन महिन्यांत एक प्रिंट विकली गेली.

मग यूट्यूबवर मराठीत डिजिटल पेंटिंग शिकवायला लागले. जाहिरातीच्या पैशांसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. तिथवर पोचायला १४ महिने लागले आणि मिळतात महिन्याला दीड-दोन हजार. खरं उत्पन्न आलं रविवारच्या ऑनलाइन वर्गातून. १८ जण, प्रत्येकी १,२०० रुपये. पहिली विद्यार्थिनी लातूरची, ५८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका.

धागाकर्ती : मराठीतच का?

प्रतापनगर : मी शिकत होते तेव्हा लेयर म्हणजे काय हे मराठीत सांगणारं कुणी सापडलं नव्हतं, म्हणून.

गोधनीतून

नव्या मुलामुलींसाठी एवढंच लिहितो. "फौजेत आहे, तीन चित्रं घेतो," म्हणणाऱ्याने भाव केला नाही. क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणाला. माझे ८,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. असं झालं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी दोन दिवस लाजेपोटी गप्प राहिलो.

धागाकर्ती : महालातल्या ताई, कुरिअरमध्ये बैलाची शिंगं मोडत नाहीत का?

महाल : मोडायची ना! पहिल्या साली पाच बैल परत आले. मग सासऱ्यांनी शिंगांना खुंटी करून दिली. आता शिंगं वेगळी, कागदात गुंडाळून जातात. घरचं लेकरू ती स्वतः बसवते, अन् आईबाप त्याचा फोटो काढून मला पाठवतात. त्यांना विचारून तेच फोटो मी पुढच्या आषाढात टाकते. नवीन गिऱ्हाईक बहुतेक तेच पाहून येते.