मदत हवी आहे : मेटाचनमधील रोजच्या जीवनाविषयी

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील मेटाचन या छोट्या बरोमध्ये (स्वतंत्र नगरपालिका असलेल्या गावात) घर घेण्याचा आमचा विचार आहे. चारही बाजूंनी एडिसन या मोठ्या टाउनशिपने वेढलेल्या या गावाची लोकसंख्या २०१० मध्ये १३,५७४ होती आणि २०२० च्या जनगणनेत ती १५,०४९ झाली. पूर्वी येथे राहणाऱ्या लेखक-कलावंतांमुळे रूढ झालेले ‘ब्रेनी बरो’ (बुद्धिमंतांचे गाव) हे टोपणनाव गाव आजही कौतुकाने मिरवते. मुलांवर अभ्यासाचे दडपण किती असते, हे मात्र त्यावरून कळत नाही.

नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गावरून गाडी न बदलता न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाता येत असल्यामुळे आम्ही दोघेही रोज रेल्वेनेच जाऊ. परंतु संध्याकाळची गाडी रखडली, तर शाळा सुटल्यावर मुलीला कोणाकडे ठेवता येईल, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. आपण काय व्यवस्था केली आहे?

सासूबाई सोबत राहणार असून त्यांना मोटार चालवता येत नाही. मेन स्ट्रीटवर त्या पायी फिरू शकतील, पण ओक ट्री रोडवरील भारतीय दुकानांत मोटारीशिवाय जाण्याची काही सोय आहे का? स्थानकाजवळील मासिक पार्किंगचा अनुभवही कृपया कळवावा.