लांबचा विमानप्रवास: कुठली एअरलाईन, कुठला स्टॉप? आपापले अनुभव लिहा

रानजाई
आज माळा आवरताना जेट एअरवेजचा छोटा पाउच सापडला, आत मोजे आणि डोळ्यावरची पट्टी अजून तशीच. मुंबई-ब्रसेल्स-न्यूअर्क, लग्नानंतरचा माझा पहिला परदेश प्रवास. मुंबई, दिल्ली, चेन्नईची विमानं सकाळी ब्रसेल्सला यायची आणि तिथून पुढे न्यूअर्क, टोरांटोला सुटायची, त्यामुळे त्या विमानतळावर निम्मं पब्लिक आपलंच, कुणी ठेपले काढतंय, कुणी अनोळखी आजींना गेट शोधून देतंय. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट बंद पडली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं मला, खरंच.
आता आईबाबांना भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचंय, वहिनीचं बाळंतपण आहे. दोघंही सत्तरीच्या पुढचे आणि पहिल्यांदाच जाणार. तिकिटांच्या किमती सगळीकडे दिसतात हो, पण बसणं, खाणं, बाथरूम, मधला स्टॉप हे कुणी सांगत नाही. तुमचे अनुभव सांगा प्लीज.

डोंबिवली_फास्ट
एमिरेट्स, दुसरा विचारच नको. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को ए-३८० असतं, एवढं मोठं विमान पण आवाज कमी, माझी आई तर म्हणाली हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतंय. दुबईला टर्मिनल ३ मध्ये एका गेटकडून दुसरीकडे जायला कधी कधी आतली ट्रेन घ्यावी लागते तेवढं आधी सांगून ठेवा त्यांना.

अबोली
फास्ट, विमान छानच आहे पण गणित बघा ना. मुंबई-दुबई तीन तास, म्हणजे रात्री धड झोप लागायच्या आत उतरा, आणि पुढे सलग सोळा तास. सत्तरीच्या माणसांना सोळा तास फार होतात, माझ्या सासूबाईंचे पाय एवढे सुजले होते की चप्पल जाईना. त्यापेक्षा फ्रँकफर्ट किंवा म्युनिक, इकडून साडेआठ-नऊ तास आणि तिकडून अकरा-बारा, मध्ये पाय मोकळे करून गरम काहीतरी पोटात जातं. एअरलाईन कुठली हे मी दुसरं बघते, आधी मधला स्टॉप नेमका कुठे पडतोय ते. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर जर्मनीत ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या आधी एकदा त्यांच्या साइटवर खात्री करा.

संत्रानगरी
आमच्या नागपूरवरून दोहाचं विमान थेट आहे, मुंबईची भानगडच नाही 😊 दोहाहून सॅन फ्रान्सिस्को. दोहाच्या विमानतळात मधोमध मोठं पिवळं अस्वल आहे, डोक्यात दिवा खुपसलेलं, बाबांना सांगितलं होतं चुकामूक झाली तर अस्वलाजवळ थांबा. ते अस्वलाजवळच बसले आणि तीन मराठी कुटुंबं जमवून ठेवली त्यांनी, एक वर्ध्याचं निघालं, लगेच नाती काढणं सुरू.

भटक्या_८१
अस्वल पाहिलंय 😀 फोटो आहे.

कुंदा_ताई
कुकर लावलाय म्हणून पटकन लिहिते. जेवण आधी सांगून ठेवायचं, कमीत कमी चोवीस तास आधी, बुकिंगमध्ये एव्हीएमएल टाका म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी येतं. एचएनएमएल टाकू नका, त्यात चिकन-मटण असू शकतं, गोमांस नसतं इतकंच. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण. हे स्पेशलवाले ट्रे सगळ्यांच्या आधी येतात हा फायदा, डायबेटिसवाल्यांना बरं पडतं. आणि बाबांना अळणी लागलं तर रागवू नका, वर गेल्यावर मीठ-साखरेची चव कमीच कळते, हवा कोरडी असते आणि दाबही कमी. सोबत लसणाची कोरडी चटणी द्या.

अबोली
+१ चटणी

पाणी_पीत_राहा
कोरड्या हवेवरून आठवलं. केबिनमधला दाब जुन्या विमानांत साधारण आठ हजार फुटांवर असावा तेवढा ठेवतात, नव्या ड्रीमलायनर विमानांत सहा हजार. म्हणजे दोन्ही ठिकाणी तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून उंच बसलेले असता, ते शिखर ५४०० फूट. डोकं दुखणं, थकवा येणं यामागे हे आहे. मी फिजिओ आहे, तासा-दीड तासाला उठवा त्यांना, पोटऱ्या हलवा, डॉक्टरला विचारून घट्ट मोजे घाला. आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची, घ्या. खिडकीवाला माणूस शेजारच्याला उठवायचं या संकोचाने पाणीच पीत नाही, हे मी प्रत्येक पेशंटच्या तोंडून ऐकते.

सिंधु_आज्जी
मी वयाने तुमच्या सगळ्यांच्या पुढची. १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जम्बो आलं, एम्परर अशोक, तेव्हा ह्यांनी मुद्दाम सांताक्रुझला नेऊन दाखवलं होतं. खिडक्यांभोवती झरोक्यासारख्या कमानी रंगवलेल्या, आत बायका साड्या नेसून वाढायला. पुढे लंडनला गेले त्याच विमानातून. एअर इंडियाचं शेवटचं जम्बो २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून कायमचं गेलं, नातवाने व्हिडिओ दाखवला, मला रडू आलं.

रानजाई
आज्जी, हे वाचून मलाही भरून आलं. अजून लिहा ना लंडनचं.

मनमौजी
आम्ही २०२३ ला एअर इंडियाने मुंबई-न्यूअर्क थेट गेलो. चढायचं, उतरायचं, मध्ये हरवायची भीती नाही, क्रू हिंदी बोलतो, आईला पाणी मागायला लाज वाटली नाही. वयस्करांसाठी भाषा हा मोठा आधार आहे. फक्त एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली, त्यामुळे वळसा पडतो, दिल्लीहून जाणारी काही विमानं मध्ये इंधनालाही थांबायला लागली. तिकीट काढायच्या दिवशी एकूण किती तास दाखवतायत ते बघून घ्या.

लेक_शिकागोत
एतिहाद. अबू धाबीलाच अमेरिकेचं इमिग्रेशन उरकतं, शिकागोला उतरल्यावर ती लांब रांग नाही. मधला स्टॉप मात्र मोठा ठेवा, तिथे रांग लागते. सॅन फ्रान्सिस्कोला थेट नाही बहुतेक, न्यूयॉर्क-शिकागोवाल्यांच्या कामाचं.

निशिगंध
व्हीलचेअर!! चालता येत असलं तरी मागा, बुकिंग करतानाच. आणि ज्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही त्यांनी माझ्या आईला एका युरोपातल्या विमानतळावर कोपऱ्यात बसवून ठेवलं, कुणी फिरकेना, बाथरूमला जायचं कसं सांगायचं तिला कळेना. शेवटी एका पंजाबी मुलाने धावपळ केली, देव त्याचं भलं करो. तेव्हापासून मी आईच्या गळ्यात कार्ड अडकवते, एका बाजूला फ्लाइट नंबर आणि दोन्हीकडचे फोन, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरात ‘मला बाथरूमला जायचंय’, ‘मला पाणी हवंय’, ‘माझं गेट कुठलं’. नुसतं बोट ठेवायचं.

कुंदा_ताई
निशिगंध, वाचून कससंच झालं गं. कार्डाची आयडिया मी उचलली.

डोंबिवली_फास्ट
अबोली, पायांचं पटलं. पुढच्या वेळी आईला फ्रँकफर्टमार्गे.

भटक्या_८१
पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये ठेवली तर बॅग उघडतात. सुकं खोबरंही नेऊ नका, तेलामुळे पेटू शकतं म्हणून काढून घेतात.

रानजाई
खोबरं नाही?? आईने बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांची तयारी केली आहे, त्यात खोबरं आहेच की.

सिंधु_आज्जी
अगं लाडू वेगळे, अख्ख्या वाट्या वेगळ्या. माझ्या सुनेच्या आईने नेले होते, फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं खरं खरं लिहिलं, तिथल्या माणसाने डबा उघडून बघितला आणि परत दिला. लपवायचं नाही, एवढंच.

रानजाई
बरं झालं विचारलं. भावाशी बोलून दोहा की फ्रँकफर्ट ते उद्या ठरवते, व्हीलचेअर आणि आयल सीट नक्की.

संत्रानगरी
आज्जी, डिंक तुपात तळून घ्यायचा की नुसता भाजायचा? माझा नेहमी चिकट राहतो.

सिंधु_आज्जी
तळायचा, तूप चांगलं तापलेलं हवं आणि थोडा थोडा टाक. मोठे खडे आधी फोडून घे, आतून कच्चे राहतात ते.