गाडीतल्या बटणाने गॅरेजचं दार सासूबाईंच्या खुर्चीवर आलं, सेन्सर चालू असताना हे कसं झालं?

सातारची_लेक
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. टू-कार गॅरेज आहे आणि एकच मोठं सोळा फुटी दार. सासूबाई मे महिन्यापासून आमच्याकडे आल्यात. गेल्या शनिवारी त्यांनी ड्राइव्हवेवर कुरडया घातल्या होत्या, इथे खारी फार येतात म्हणून गॅरेजच्या तोंडाशीच सावलीत खुर्ची टाकून राखण करत बसल्या होत्या. ती आपली पांढरी प्लॅस्टिकची हातांची खुर्ची, आणि वर मांडी घालून. मी मुलाला स्विमिंगला सोडून परत येत होते आणि आमच्या कोपऱ्यावर वळता वळता सवयीने आरशाखालचं बटण दाबलं. दोन वर्षं रोज तिथेच दाबतेय, घरापाशी पोचेपर्यंत दार उघडून तयार असतं. त्या दिवशी दार आधीपासूनच उघडं आहे हे डोक्यातच आलं नाही, आणि शेजाऱ्यांच्या मेपलमुळे त्या कोपऱ्यावरून आमचं गॅरेज दिसतही नाही.

दार खाली आलं. त्यांना ऐकू कमी येतं, मोटरचा आवाज आला तरी त्यांना वाटलं मी आले असेन. नेमक्या त्या खारीला हाकलायला काठी घेऊन पुढे वाकल्या होत्या म्हणून दार डोक्यावर न येता पाठीला घासत खुर्चीच्या दोन्ही हातांवर बसलं. मी पोचले तेव्हा दार परत वर जात होतं, खुर्चीचा एक हात कडकन मोडलेला आणि आई काठी धरून तशाच. पाठीवर वीतभर खरचटलंय, बाकी देवाची कृपा. मला तीन रात्री झोप नाही.

सोमवारी दाराचं काम करणारा माणूस येऊन गेला. दोन्ही सेन्सरचे दिवे लागलेले बघितले, मध्ये पाय घालून दार थांबतं हे दाखवलं आणि सगळं ओके म्हणून निघून गेला. मग त्या दिवशी का नाही थांबलं? गाडीतल्या बटणाला सेन्सर लागू होत नाही का? आणि हे बटण कायमचं बंद करून टाकू का? नवरा म्हणतो रिमोटनेही हेच झालं असतं, मला पटत नाहीये.

डॅलसकर
ताई, आधी आईंना डॉक्टरकडे दाखवलंत ना? नुसतं खरचटलंय असं वाटलं तरी या वयात पाठीचा एक्सरे काढून घ्या, त्या दाराचं वजन दीडशे पाउंडाच्या घरात असतं.

मी इथे बरीच वर्षं घरांची इन्स्पेक्शनं करतो त्यामुळे हे प्रकरण रोजचं आहे. सेन्सर बिघडला नव्हता, त्याला आई दिसल्याच नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना जे दोन डोळे असतात ते नियमाप्रमाणे जमिनीपासून सहा इंचाच्या वर लावायचे नसतात, कारण तो नियम झाला तो लहान मुलं दाराखाली सापडून जात होती म्हणून. १९९० मध्ये इथल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, म्हणजे दार चालवणाऱ्या मोटरला, असा डोळा किंवा दाराच्या खालच्या कडेला दाबाची पट्टी सक्तीची झाली. आता तुमची खुर्ची डोळ्यासमोर आणा. पुढचे दोन पाय दाराच्या रेषेच्या बाहेर, मागचे दोन आत, आणि आईंनी मांडी घातलेली म्हणजे त्यांचे पायही वर. सहा इंचावरून जाणारी ती किरणाची रेषा खुर्चीच्या पायांच्या मधून सरळ पलीकडे गेली. दाराच्या हिशेबी तिथे कोणी नव्हतंच. उंच एसयूव्ही अर्धी आत अर्धी बाहेर उभी असली तरी हेच होतं, चाकं रेषेत नसली तर किरण गाडीच्या पोटाखालून जातो आणि दार बॉनेटवर येतं.

डोळ्याच्या पुढची दुसरी पायरी म्हणजे दार कशाला टेकलं की दोन सेकंदांत उलटं फिरायला हवं. ही वेगळी यंत्रणा आहे, मोटरला किती जोर लागतोय त्यावर चालते. तुमचं दार फिरलं खरं पण खुर्चीचा हात मोडून फिरलं, म्हणजे माझ्या मते जोर जास्त लावलेला आहे. त्या माणसाने हे तपासलं का? बहुतेक नाही, पाय घालून दाखवला म्हणजे फक्त डोळा तपासला. टू बाय फोर लाकडाचा एक तुकडा आणा, दाराच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवा म्हणजे दीड इंच उंची होते, आणि दार बंद करा. लाकडाला टेकल्या टेकल्या वर गेलं पाहिजे. त्यावर दाबून बसलं किंवा तिथेच थांबलं तर दुरुस्त होईपर्यंत ओपनर वापरूच नका. हे महिन्यातून एकदा करायचं असतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मी बघितलेल्या घरांपैकी फारच थोड्या ठिकाणी कोणी करतं.

निषाद_शार्लट
माफ करा पण यात बटणाचा काय दोष? दार दिसत नसताना दाबायचंच नाही ही साधी गोष्ट आहे. यजमानांचं बरोबर आहे, रिमोटनेही हेच झालं असतं.

डॅलसकर
निषाद, दिसल्याशिवाय दाबू नये हे शंभर टक्के मान्य, प्रत्येक मॅन्युअलमध्ये तेच आहे. पण मी तेवढ्यावर सोडणार नाही. या बटणाला उघड आणि बंद असे दोन हुकूम नसतात, एकच सिग्नल जातो आणि दार ज्या स्थितीत असेल त्याच्या उलट करतं. दार कुठल्या स्थितीत आहे हे गाडीला कळत नाही. होमलिंकच्या, म्हणजे गाडीतल्या या बटणांच्या, नव्या मॉड्यूलमध्ये बाणाचे दिवे असतात, दार वर चाललंय का खाली ते दाखवणारे, पण ओपनरही तसा उत्तर देणारा लागतो आणि जुन्या घरांत तो नसतो. दुसरं म्हणजे हातातला रिमोट बॅगेतून काढताना माणूस निदान एक क्षण विचार करतो, आरशाखालचं बटण बोटाच्या सवयीत जातं. आणि फोनच्या अ‍ॅपवरून दार बंद केलं तर आधी निदान पाच सेकंद दिवा आणि भोंगा वाजवायची सक्ती आहे, कारण समोर कोणी बघत नाही असं गृहीत धरलेलं आहे. गाडीतून दाबणारा बघतोय असं गृहीत धरलंय, म्हणून भोंगा नाही. ताई कोपऱ्यावर होत्या, बघत नव्हत्या. आईंना ऐकू कमी येतं तरी पाच सेकंद भोंगा वाजला असता तर त्या उठल्या असत्या.

कोथरूड_ते_फ्रीमाँट
वाचून काटा आला अंगावर. आमच्याकडे याच्याही पुढची गोष्ट आहे, आमच्या इलेक्ट्रिक गाडीत बटण दाबायचंही नसतं. घर जवळ आलं की जीपीएसवर गाडी आपोआप सिग्नल सोडते आणि निघताना लांब गेलं की आपोआप बंद करते. पहिले सहा महिने मी सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. मग एकदा मी निघाले, मुलगी सायकल काढायला गॅरेजमध्ये आली होती हे मला माहीतच नव्हतं, मी गल्लीच्या टोकाला आणि दार खाली यायला लागलं. सायकलचं पुढचं चाक किरणात आलं म्हणून दार वर गेलं. चाक सहा इंच मागे असतं तर? त्याच रात्री ऑटो-क्लोज बंद केलं, नंतर ऑटो-ओपनही, कारण नवऱ्याने आतून आधीच दार उघडलेलं असलं की माझी गाडी येऊन ते बंद करायची, म्हणजे तुमच्यासारखंच. आता ड्राइव्हवेत गाडी थांबवते, दार बघते, मग दाबते.

आणि डिकी! एसयूव्हीची मागची डिकी उघडी असताना कोणीही दाराचं बटण दाबू नका, दार डिकीच्या कडेवर येऊन आदळतं, आमच्या शेजाऱ्यांचं झालंय.

ओहायोचा_अण्णा
विषय थोडा वेगळा आहे पण याच बटणाचा म्हणून लिहितो. जुनी गाडी विकताना त्यातला कोड पुसता का कोणी? मी नव्हता पुसला. गाडी दिली, चार दिवसांनी आठवलं की आपल्या घराची किल्लीच त्या आरशाखाली देऊन आलोय, आणि गाडीच्या कागदांवर पत्ताही होता. गॅरेजमधून घरात यायच्या दाराला आम्ही तेव्हा कधीच कुलूप लावत नव्हतो, लक्षात घ्या म्हणजे झालं. नव्या मालकाला फोन करून पुसा म्हणून सांगणं मला बरं वाटेना, तेव्हा घरच्या बाजूनेच सोडवलं. मोटरवर एक लर्न नावाचं बटण असतं, स्टुलावर चढून ते सहाएक सेकंद दाबून धरलं की शेजारचा दिवा विझतो आणि आजवरचे सगळे रिमोट, सगळ्या गाड्या, सगळं बाद. मग हवे तेवढेच परत जोडायचे. गाडी हातात असेल तर बहुतेक मॉडेलला बाहेरची दोन बटणं एकदम दहा-वीस सेकंद दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकायला लागला की पुसलं गेलं. लीजची गाडी परत करतानाही हेच.

आणखी एक, बऱ्याच गाड्यांत हे बटण इंजिन बंद असतानाही चालतं. ड्राइव्हवेत रात्रभर गाडी उभी असेल तर काच फोडणाऱ्याला घराचं दार मिळालं. तुमच्या गाडीत चालतं का ते आजच किल्ली न लावता दाबून बघा, अर्थात दारासमोर उभं राहून.

निळाई
अण्णा, त्यात भर. ज्यांच्याकडे १९९० च्या आसपासचा, आत छोट्या डिप स्विचच्या रांगेवर कोड लावायचा ओपनर आहे त्यांनी तो बदलाच. समी कामकर या सुरक्षा संशोधकाने २०१५ मध्ये लहान मुलांचं मेसेज पाठवायचं खेळणं वापरून असे ठरावीक कोडचे ओपनर दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले होते. रोलिंग कोडवाल्यात दर वेळी कोड बदलतो, त्याला ही युक्ती चालत नाही. आणि एप्रिल १९८२ च्या आधीच्या ओपनरला तर गाडीतलं बटण जोडूच नका असं होमलिंकच्या सूचनांतच आहे, कारण त्यांना थांबून उलटं फिरायची सोयच नाही.

पुश-स्टार्ट गाडीवाल्यांनी अजून एक सांभाळा. गाडी आत घेतली, आरशाखालचं बटण दाबून दार बंद केलं, फोनवर बोलत घरात गेलं आणि इंजिन चालूच राहिलं, हायब्रिड असेल तर आवाजही नसतो. घराला जोडलेल्या गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊन या देशात माणसं गेली आहेत. इंजिन बंद केल्याशिवाय दार बंद करायचं नाही आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

बाणेरकर
पुण्यातून वाचतोय. आमच्या बंगल्याला मागच्या वर्षी सरकतं ऑटोमॅटिक गेट बसवलं, बसवणाऱ्याने फोटोसेल (म्हणजे हेच किरणाचे डोळे) एक्स्ट्रा आहे, घ्यायचं का असं विचारलं आणि मी पैसे वाचवायला नको म्हणालो. आज हे वाचून त्याला फोन केला, शुक्रवारी बसवतोय. आमचा नातू चार वर्षांचा आहे, गेटला लटकून जायला त्याला फार आवडतं.

डॅलसकर
बाणेरकर, फार चांगलं केलंत. बसवताना दोन्ही डोळे जागेवरच बसताहेत ना ते उभं राहून बघा. मी इथे असली गॅरेजं बघितलीत की डोळे सारखे अडताहेत म्हणून दोन्ही काढून, एकमेकांसमोर धरून, वर मोटरपाशी टेपने चिकटवलेले. किरण अखंड, दार मजेत बंद होतं, आणि खाली काहीही राखण नाही.

सातारची_लेक, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. गाडीतलं बटण म्हणजे ओपनरच्या लेखी एक रिमोटच, सेन्सर त्यालाही तेवढाच लागू. ते कायमचं काढायची गरज नाही. गॅरेजच्या भिंतीवर आतल्या दारापाशी जे कन्सोल असतं त्यावर लॉक किंवा कुलपाचं चित्र असलेलं बटण आहे का बघा. ते दाबून ठेवलं की रिमोट आणि गाड्यांची बटणं सगळी बंद, दार फक्त भिंतीवरून चालतं. आई गॅरेजमध्ये बसणार असतील तेव्हा पहिलं काम ते.

सातारची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरे काढला, हाड ठीक आहे.

काल टू बाय फोर आणून दाराखाली ठेवला. दार त्यावर आलं, टेकलं, आणि दाबतच राहिलं, मोटर घरघरतेय आणि लाकूड जमिनीवर रुतल्यासारखं झालंय हे मी बघत होते, कितीतरी वेळाने ते वर गेलं. आई शेजारी उभ्या होत्या, मला रडूच आलं. मग नवऱ्याला आठवलं, गेल्या जानेवारीत दाराचं खालचं रबर बर्फाने जमिनीला चिकटून दार अडत होतं तेव्हा त्यानेच मोटरच्या मागचे दोन्ही जोराचे स्क्रू फिरवले होते, वर जायचाही आणि खाली यायचाही, आणि मग ते तसेच राहिले. आज दुसरा माणूस बोलावला, त्याने माझ्यासमोर जोर कमी केला आणि लाकडावर चार वेळा करून दाखवलं, चारही वेळा टेकल्याबरोबर वर.

भिंतीवर लॉकचं बटण आहे, दोन वर्षांत आम्ही त्याला हातही लावला नव्हता. ते लावून मी गाडी कोपऱ्यावर नेली आणि तिथून सात-आठ वेळा बटण दाबलं, नवरा दारापाशी उभा राहून फोनवर सांगत होता, हललं नाही. आईंना ते बटण दाखवलंय, खुर्ची बाहेर काढायच्या आधी त्या स्वतःच दाबतात आणि मला हाक मारून सांगतात. दाराच्या रेषेपासून आत दोन फुटांवर पिवळी टेप लावलीय, खुर्ची त्याच्या आत. तिथून त्यांना खारी नीट दिसत नाहीत म्हणून कुरडयांची चादर थोडी जवळ ओढून घेतली. अण्णा, तुमचं वाचून आधीची विकलेली गाडी आठवली, तिचाही कोड पुसला नव्हता. स्टूल लावून ठेवलाय, नवरा आता वर चढतोय.