बर (काउंटी ऑफली): जमीन, दुर्बीण, पलटण

आयर्लंडच्या मध्यावरच्या या छोट्या गावाबद्दल जाणकारांनी नेमकं लिहावं. वाड्याची वर्णनं नकोत.

कॅमकोरकाठ:
स्लीव्ह ब्लूम डोंगरातून येणारी कॅमकोर नदी इथे लिटल ब्रॉस्ना नदीला मिळते. ते पाणी पुढे शॅनन नदीत जातं. आसपास पीटची दलदल, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर. कापून वाळवले की सरपण. जुन्या नकाशात बर सापडत नसेल तर ‘पार्सन्सटाउन, किंग्ज काउंटी’ ही जुनी नावं शोधा. पार्सन्स घराण्याकडे ही जहागीर 1620 मध्ये आली.

दुर्बीणवेडा:
त्याच सरपणावर तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स, यांनी 1842 मध्ये दुर्बिणीसाठी 6 फूट व्यासाचा धातूचा आरसा ओतला. वजन सुमारे 3 टन. धातू साधारण दोन भाग तांबं, एक भाग कथील. चकाकी उत्तम, पण ठिसूळ: एक बाजू आधी निवली की ताण बसून तडा जातो. म्हणून साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या करून, घट्ट आवळून केला. फटींतून वायू निघून जातो, रस गळत नाही. लोखंड उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आरसा खालून वर गोठत जातो. मग तो तापलेल्या भट्टीत सरकवून 16 आठवडे निवू दिला. दमट हवेत झिलई काळवंडते, म्हणून आरसे दोन: एक दुर्बिणीत, दुसरा पॉलिशला. नळी दोन उंच दगडी भिंतींमध्ये असल्याने बाजूला फारशी वळत नसे. तारा दक्षिणोत्तर रेषेजवळ आला की तेवढ्यापुरताच हाती लागे. तरीही 1845 मध्ये एम 51 या दीर्घिकेची सर्पिल रचना पहिल्यांदा दिसली ती इथूनच! त्याच वर्षी बटाट्यावर करपा पडला. अर्ल दुष्काळाच्या कामात गुंतले आणि निरीक्षणं मागे पडली.

मैदानी:
हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा पहिला अखिल आयर्लंड अंतिम सामना इथलाच, 1 एप्रिल 1888.

दप्तरखाना:
गावाला लागून क्रिंकिलच्या बराकी. 1881 पासून ते ब्रिटिश सैन्याच्या लेन्स्टर रेजिमेंटचं ठाणं होतं. तिची दुसरी बटालियन म्हणजे आधीची 109वी बॉम्बे इन्फन्ट्री, कंपनी सरकारच्या काळातली तिसरी बॉम्बे युरोपियन. 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात ब्रिटिश सेनापती ह्यू रोजकडे हीच पलटण होती. रेजिमेंट 1922 मध्ये मोडली, बराकीही त्याच वर्षी जळाल्या. या पलटणीतल्या सैनिकांचा शोध घेणाऱ्यांनी बर, क्रिंकिल आणि पार्सन्सटाउन अशी तिन्ही नावं तपासावीत. कंपनीच्या काळातल्या नोंदी मात्र लंडनला, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात बघाव्या लागतात.