मदत हवी आहे: जोडीने करायचे हालचालींचे खेळ मुलांकडून कसे करून घ्यावेत?

परळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी मुलांचा नाच-नाटकाचा वर्ग घेते. वयं ९ ते १३. एकेकटी मुलं झकास करतात, जोडी लावली की विचका होतो.

आरशाचा खेळ घ्या. समोरासमोर उभं राहायचं, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने तीच हुबेहूब करायची. आमच्याकडे त्याची लगेच चढाओढ होते. पुढारी मुद्दाम झटकन हात फिरवतो, समोरचा चुकतो, मग दोघंही खिदळत बसतात. "सावकाश, सावकाश" म्हणून माझा घसा बसलाय.

दुसरं म्हणजे मोठे मुलगे-मुली एकमेकांचा हात धरायला तयार नाहीत. एका पालकांनीही "हे कशाला?" म्हणून विचारलं. जबरदस्ती मला करायचीच नाही.

आणि याच मुलींची मंगळागौरीची फुगडी मात्र पटकन जमली! तिथे मागे झुकून एकमेकींचा भार घेतल्याशिवाय फिरताच येत नाही. मला तेच हवंय, पण हात न धरता आणि तो वेग न घेता. शिवाय पट बहुतेकदा विषम असतो, हॉल लहान, त्यात मध्ये खांब. कुणी सुचवाल का?

प्रतिसाद

ताई, आरशात चढाओढ होते कारण पुढाऱ्यावर कसलीच जबाबदारी नसते. जोडीदार चुकला तर डाव पुढाऱ्याचा गेला, असा नियम करा. आपोआप सावकाश होतील. जमायला लागलं की हालचाल न थांबवता "बदला" म्हणायचं. शेवटी पुढारीच नाही, दोघंही एकमेकांचं बघून हलणार. अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन हा खेळ तिथवर न्यायच्या.

ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचा एक खेळ स्पर्शाशिवायचा आहे. एकाचा तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब. हात जाईल तिकडे चेहरा, अंतर तेवढंच. खांबावर आपटू न देणं तळहात फिरवणाऱ्याचं काम. मूल उरलं तर तिघांचा गट करा, एकाने दोन्ही तळहातांनी दोघांना फिरवायचं.

फुगडीच्या सगळ्यात जवळचं म्हणाल तर टिपरी. दोघांच्या तर्जनीच्या टोकांमध्ये ती आडवी, नुसत्या दाबावर धरायची आणि चालायचं, बसायचं, उठायचं. एकाने जोर केला किंवा ढिलं सोडलं की टिपरी खाली. मुलगा-मुलगी जोडीलाही यात कुणी लाजत नाही, सगळं लक्ष टिपरीकडे असतं. फरशी असेल तर मोजे मात्र काढायला लावा.

धागाकर्ती

टिपऱ्या नवरात्रातल्या पडल्याच आहेत, या शनिवारीच करते. यात संवाद कधी आणायचे?

प्रतिसाद

टिपरी पडायची थांबली की. आधी नुसते आकडे, एकाने एक, दुसऱ्याने दोन. बोलायला लागल्यावर ती परत पडेल, तेव्हा घाई करू नका. आकडे म्हणताना टिकली की तुमच्या नाटकातली दोन-दोन शब्दांची वाक्यं द्या.