मदत हवी आहे: माशांच्या चार फुटी टाकीला कॅनिस्टर फिल्टर कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. हॉलमध्ये ४ बाय दीड बाय दीड फुटाची टाकी आहे. काठोकाठ भरली तर २५५ लिटर, वाळू-दगड वजा जाता पाणी २२०च्या आसपास. मासे पाचच, पण पाचही ओरांडा जातीचे गोल्डफिश. ज्यांनी गोल्डफिश पाळलेत त्यांना ते किती घाण करतात हे सांगायला नको.

सध्या झाकणातला टॉप फिल्टर आहे. कापूस चार दिवसांत काळा होतो. आणि पाणी पडल्याचा आवाज असा, की परवा रात्री नळ चालू राहिला म्हणून आई दोनदा उठून बघून आली. (तिसऱ्यांदा उठली ती मोटर बंद करून झोपली. मला सकाळी कळलं.) म्हणून स्टँडखाली बसणारा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, घ्यायचं ठरवलंय.

दोन मॉडेलवर अडलोय. सनसन एचडब्ल्यू-३०३बी: ताशी १४०० लिटर, ३५ वॅट, आत ९ वॅटचा यूव्ही (अतिनील) दिवा. आणि इहाइम क्लासिक २२१७: ताशी १००० लिटर, २० वॅट, यूव्ही नाही, किंमत बरीच जास्त. दुकानदार म्हणतो, १४००वाला डोळे झाकून न्या. पण खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो ना? स्पंज, रिंगा, कापूस भरून महिनाभर चालल्यावर त्यातलं उरतं किती? तासाला टाकीचं पाणी चारदा फिरायचं तर खरे ९०० लिटर हवेत. तिथं २२१७ कमी पडेल असं वाटतं. उलट जोर जास्त झाला तर ओरांडा बिचारे आधीच जड, दमून कोपऱ्यात बसतील. वीजबिलात ३५ वॅट म्हणजे महिन्याला २५ युनिट, २० वॅट म्हणजे साडेचौदा. तेवढं चालेल.

खरी धास्ती लाईटची आहे. पावसाळ्यात गेली की चार-चार तास येत नाही. बंद डब्यातले घाण पचवणारे जिवाणू गुदमरतात आणि लाईट आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते, हे खरं का?

अजून एक. २०२१च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि गावभर नळ कोरडे. पाणी बदलता आलं नाही, दोन मासे गेले. तसं पुन्हा झालं तर मोठा कॅनिस्टर तारून नेईल का?

*

भावा, ३०३बी घे. भरल्यावर १४००चे ९०० उरले तरी तुझं काम झालं. स्प्रे बारचं (पाणी टाकीत परत सोडणाऱ्या भोकांच्या नळीचं) तोंड मागच्या काचेकडे फिरव, प्रवाह काचेवर मोडतो, मासे निवांत राहतात. यूव्हीवर भाळू नको. पाणी हिरवं पडत असेल तर तो कामाचा, माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाला त्याचा काही उपयोग नाही.

लाईटचं ऐकलंस ते खरं आहे. अर्ध्या तासानं काही होत नाही. चार तास गेली तर मात्र चालू करण्याआधी डब्यातलं पाणी ओतून टाक आणि रिंगा टाकीतल्याच पाण्यात खंगाळ. नळाखाली अजिबात धुवायच्या नाहीत, क्लोरीननं जिवाणू मरतात. मी एकदा ती हुशारी केली होती, आठवडाभर पाणी दुधाळ. आणि बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवच, लाईट गेल्यावर माशांना आधी हवा लागते.

महापुराचं मात्र डोक्यातून काढ. फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो, ते नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय जात नाही. पाऊस वाढला की दोनशे लिटरचं पिंप भरून ठेव आणि नळ बंद असेपर्यंत खाणं निम्म्यावर आण. खाणं कमी तर घाण कमी.

टॉप फिल्टर लगेच काढू नको. महिनाभर दोन्ही चालू दे, नव्यात जिवाणू बसू देत. जुना स्पंज नव्या डब्यात बसत असेल तर उत्तमच.

*

सगळं पटलं दादा. पण अजून महिनाभर तो आवाज? आईला कोण सांगणार?

*

टाकीत पाणी दोन बोटं वर भर. धार उंचावरून पडते म्हणून आवाज होतो.