निवृत्तीचं वय ५८ चं ६० करा म्हणून सही करू का? मुलगा अभ्यासिकेत बसलाय

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. घरात हा विषय काढता येत नाही म्हणून इथं लिहितोय. उत्तर शुक्रवारच्या आत हवंय.

मी राज्य सरकारच्या एका कार्यालयात अव्वल कारकून आहे. १९९३ ला लागलो. जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, आईनं सांगितलं, "पावसाच्या तोंडावर झालाय." झालं, १ जून. त्यामुळं दर ३१ मे ला आमच्याकडं पाच-सहा जण एकदम निवृत्त होतात. हार, नारळ, फेटे, सगळं एकाच दुपारी. येत्या ३१ मे ला माझा नंबर.

आमच्या कार्यालयातले शिपाई मामा माझ्यापेक्षा वर्षानं मोठे आहेत, पण ते वर्ग ४ चे म्हणून ६० पर्यंत थांबतात. माझा वर्गमित्र पोस्टात आहे, केंद्राचा, त्यालाही ६०. केंद्रानं १९९८ ला वाजपेयींच्या काळात ५८ चं ६० केलं. त्याआधी १९६२ ला ५५ चं ५८ झालं होतं. आम्ही वर्ग ३ वाले अजून ५८ वरच. माझे डोळे नीट आहेत, साखर नाही, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतो. काम येतं. मग घरी का बसायचं, असं मनापासून वाटत होतं.

मागच्या सोमवारी संघटनेचे पदाधिकारी निवेदन घेऊन टेबलाशी आले. चाळीसभर सह्या झालेल्या. मी पेनचं टोपण काढलं आणि हात थांबला. उद्या सांगतो म्हटलं.

हात थांबला तो मुलामुळं. वय २७. राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत चार वर्षं बसतोय. रात्री त्याचा डबा मीच घेऊन जातो. त्या दिवशी पहिल्यांदाच आत जाऊन त्याची जागा बघितली. दोन फूट रुंदीचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूड, समोर चिकटवलेलं वेळापत्रक आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं मारलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. काय आहे विचारलं तर म्हणाला, "दिलेल्या परीक्षा." मी मोजल्या नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीची एक रेघ त्यात असणारच. ४६४४ जागा, दहा लाखांच्या वर अर्ज, खुल्या वर्गाला हजार रुपये फी.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही गेलात म्हणून तुमच्या पोराला थोडीच जागा मिळणार? तेही खरंच आहे. आमच्याकडं गेल्या काही वर्षांत तिघं गेले, भरलं एकच पद. दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडंच आहे. परवा गगनबावड्याकडचे एक आजोबा एका दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आले. एसटीनं येऊन-जाऊन त्यांचा दिवस मोडतो. त्या टेबलाला माणूसच नाही, हे त्यांना तिसऱ्यांदा सांगताना माझी मान वर होत नव्हती. जागा रिकामीच राहणार असेल तर मी दोन वर्षं थांबलो तर कुणाचं काय जातंय? उलट सरकारला माझी ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आत्ताच द्यावे लागणार नाहीत. आंध्रनं २०२२ ला ६० चं ६२ केलंच की.

सही करू का नको? मनात असेल ते स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही.

पेन्सिल_आणि_नकाशा

काका, सही करू नका.

मी भुदरगड तालुक्यातली. वय ३१. तुमच्या मुलासारखीच टेबलाला टेबल लावून बसते. खुल्या वर्गाला ३८ ची मर्यादा आहे. आमच्यासाठी दोन वर्षं म्हणजे दोन जाहिराती, त्याही निघाल्या तर. २०२२ ला ७५ हजार पदं भरणार म्हणून घोषणा झाली, त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत पेढे वाटले होते. २०२३ ला कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. बाहेरच्या एजन्सीकडून माणसं घ्यायची, असा. ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला, पण त्या दीड महिन्यात आमच्यातली दोघं पुस्तकं रद्दीत घालून पुण्याला गेली ती गेलीच.

जागा रिकामी राहते हे तुमचं म्हणणं मान्य. पण रिकामी जागा निदान मागता येते. मोर्चात तिचा आकडा सांगता येतो. त्या जागेवर माणूस बसलेला असला की मागणीच करता येत नाही.

आणि एक. घरी दर दिवाळीला विचारतात, अजून किती? दोन वर्षं वाढली तर मी त्यांना काय सांगू?

शिरोली_मोल्डर

राम राम साहेब. तुमचं वाचलं आणि दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहितो.

मी आधी उद्यमनगरात आणि मग शिरोली एमआयडीसीत मिळून ३१ वर्षं फौंड्रीत काढली. मोल्डर. वाळूत गुडघं टेकून साचा ठोकायचा आणि भट्टी उतरली की लॅडल धरून ओतायचं. लोखंड चौदाशे डिग्रीच्या आसपास असतंय. एप्रिल-मे मध्ये अंगातला सदरा घामानं भिजतोय आणि जाग्यावरच वाळतोय, पाठीवर मिठाचा नकाशा उमटतोय. पन्नाशीनंतर उजवा गुडघा वाळूतनं उठताना आवाज करायला लागला. सकाळी खोकला आला की रुमालावर काळं दिसायचं. मला कुणी ६० पर्यंत थांब म्हटलं असतं तर मी हात जोडलं असतं.

आता माझी पेन्शन सांगतो. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतली, महिन्याला २१४० रुपये. मधली काही वर्षं मालकानं फंडच कापला नव्हता आणि कापला तवा बेसिक कमी दाखवलं. योजनेतली किमान पेन्शन हजार रुपये. ती २०१४ ला ठरली, ती अजून तेवढीच. आमचे पेन्शनर लोक साडेसात हजार मागत्यात, दिल्लीपातूर जाऊन बसून आले. ज्याला हेही नाही त्या म्हाताऱ्याला केंद्राचे २०० रुपये. २००७ पासून २००. वर राज्यानं भर घातली म्हणून श्रावणबाळचे १५०० होतात.

२१४० मध्ये माझी आणि बायकोची औषधं येत न्हाईत. म्हणून मी रात्री एका अपार्टमेंटला वॉचमन हाय. बारा तास, नऊ हजार. वय ६३. तवा साहेब, ५८ का ६० हा वाद ज्यांना थांबता येतंय त्यांच्यासाठी हाय. तुम्ही थांबा न्हाईतर जावा, मला त्याचा राग न्हाई. पण तुमची संघटना मोठी हाय, सरकार तुमचं ऐकतंय. त्या कागदावर आमच्या हजार रुपयांची एक ओळ घातली तर काय बिघडंल?

अनुकंपा२००९

मी वेगळं सांगणार आहे. दादा, सही करा.

माझे मिस्टर नोकरीत असताना गेले. मला २००९ ला अनुकंपावर घेतलं, तेव्हा मी ३८ वर्षांची होते. १ नोव्हेंबर २००५ नंतरची म्हणून जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्ही आठवडाभर रस्त्यावर होतो. जुनी पेन्शन हवी एवढंच म्हणणं होतं. पुढं ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एकीकृत योजना आणली, राज्यानंही लगेच हो म्हटलं. त्यात शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे, पण पूर्ण मिळायला २५ वर्षं सेवा लागते. ५८ ला निघाले तर माझी २० भरतात. ६० झालं तर २२. त्या प्रमाणात जी काही वाढेल ती मला मरेपर्यंत पुरवायची आहे.

मुलगी बारावीला आहे. अभ्यासिकेतल्या ताईचं दुःख मला कळतं, माझीही मुलगी उद्या त्याच टेबलाशी बसेल. पण उशिरा नोकरीला लागलेल्या बायका या वादात कुणी मोजतच नाही. पंचविशीत लागून जुनी पेन्शन घेणारे आणि आम्ही, दोघांना एकच वय लावू नका.

गडहिंग्लजचा_फौजी

जय हिंद. मी ३७ व्या वर्षी निवृत्त झालो, १७ वर्षं नोकरी करून. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

पेन्शनमुळं देश बुडतोय असं टीव्हीवर रोज ऐकू येतं. केंद्राचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५० लाख ६५ हजार कोटींचं. त्यात पेन्शन २ लाख ७७ हजार कोटींच्या आसपास आणि त्यातही निम्म्याहून जास्त आमची, सैन्याची. कर्जावरचं व्याज मात्र १२ लाख ७६ हजार कोटी, म्हणजे पेन्शनच्या साडेचार पट. खर्चावर बोलायचं असेल तर आधी त्या ओळीवर बोलूया. कर्ज कशासाठी काढलं आणि निवडणुकीच्या तोंडावर घोषणा कोण करतं, हे सगळ्या पक्षांना विचारूया. एकालाही सोडायचं कारण नाही.

माझा पुतण्या अग्निवीर आहे. चार वर्षं. शंभरातले पंचवीस थांबणार, बाकीच्यांना जवळजवळ पावणेबारा लाख हातात आणि पेन्शन नाही. पंचविशीत घरी येणाऱ्या पोराला पेन्शन परवडत नाही म्हणायचं आणि खासदाराला मात्र एका टर्मवर महिना ३१ हजार, निवडणूक लढवायला वयाची वरची मर्यादा नाही. हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक सभेत उभा राहून विचारतो.

सहीचं म्हणाल तर तुमच्या मुलाला विचारा. इथं लिहिलंत ते त्याच्याशी बोला.

कोषागारातला_जुना

पस्तीस वर्षं बिलं पास केली. म्हणून फक्त हिशेबाचं बोलतो.

वय वाढवलं की सरकारचे पैसे वाचतात हा गैरसमज आहे. ग्रॅच्युइटी (आता कमाल २० लाख), ३०० दिवसांच्या रजेचं रोखीकरण, पेन्शन विकून मिळणारी रक्कम, हे दोन वर्षं पुढं जातं एवढंच. मधल्या काळात दोन वेतनवाढी लागतात, म्हणजे तेच बिल फुगून येतं. नड असलेलं सरकार हे करतं आणि पुढच्या सरकारच्या गळ्यात घालतं. केरळात बहुतेक जुने कर्मचारी ५६ ला जातात, तेलंगणानं २०२१ ला ६१ केलं. प्रत्येक राज्य आपापली नड बघतंय.

फ्रान्समध्ये २०२३ साली ६२ चं ६४ केलं तेव्हा लोक वाढवू नका म्हणून रस्त्यावर आले. आपल्याकडं वाढवा म्हणून निवेदन निघतं. तिथं निवृत्ती म्हणजे सगळ्यांना पेन्शन, आपल्याकडं नोकरी हीच पेन्शन.

तुम्ही स्वतःचं मूळ वेतन घ्या, निम्मं करा, त्यात नव्या लिपिकाचं मूळ वेतन मिळवा आणि बेरीज इथं टाका. महागाई भत्ता दोन्हीकडं सारखाच टक्का, तो सोडून द्या.

मंगळवारपेठकर

केली बेरीज. माझं मूळ वेतन ६२,२००. पेन्शन ३१,१००. नवा लिपिक १९,९०० वर लागतो. दोन्ही मिळून ५१,०००. म्हणजे मी घरी बसलो आणि माझ्या जागी पोरगं आलं तरी महिन्याला सरकारचे ११,२०० उरतात, आणि गगनबावड्याच्या आजोबांच्या टेबलाला माणूस मिळतो. वहीच्या मागच्या पानावर तीनदा मांडलं, तीनदा तेच आलं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं बनवली, स्वतःचा हा हिशेब कधी मांडला नव्हता.

शुक्रवारी पदाधिकाऱ्यांना सांगितलं, ६० च्या कागदावर माझी सही नाही. ते नाराज झाले. एकत्र आंदोलनं केलीत आम्ही, मलाही बरं वाटलं नाही. पण मोकळ्या हातानं पाठवलं नाही. कोऱ्या कागदावर तीन मागण्या लिहून दिल्या. निवृत्तीनं रिकामं होणारं पद सहा महिन्यांत भरा. अनुकंपावर उशिरा लागलेल्यांना पूर्ण पेन्शनसाठी २५ वर्षांची अट शिथिल करा, नाहीतर मागतील त्यांना ६० पर्यंत थांबू द्या. आणि ९५ च्या योजनेतली किमान पेन्शन वाढवा. तिसरी आपल्या अखत्यारीतली नाही, ती केंद्राची, असं ते म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, वाचणाऱ्याला कळेल. सात सह्या झाल्या. आठवी शिपाई मामांची. त्यांच्या भावानं फौंड्रीत वर्षं काढली आहेत, हे मला त्या दिवशीच कळलं.

मुलाशी बोललो, डबा द्यायला गेलो तेव्हा, जिन्यात. तो म्हणाला, "माझ्यासाठी करू नका, बाबा." मी म्हटलं, तुझ्यासाठी एकट्यासाठी नाही केलं. मग दोघंही गंगावेशीला दूध कट्ट्यावर गेलो, कितीतरी दिवसांनी.

अनुकंपा ताई, तुमचं म्हणणं माझ्या कागदावर पुरतं बसलेलं नाही, मला ठाऊक आहे. संघटनेच्या पुढच्या बैठकीला तुम्ही या, मी सोबत असेन.

सोमवारपासून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माझ्या नोंदवह्या समजावून द्यायला घेतोय. जुन्या रजिस्टरातलं पहिल्या हेडक्लार्कचं अक्षर तिला लागत नाही. ते लागायलाच महिना जाईल, म्हणून सुरुवात तिथून करतोय.